दुष्काळांतलें पाणी कोणाचें?

समितीच्या अहवालांत जमाखर्चाचे आंकडे, टँकरच्या खेपा, चाराछावण्यांचा तपशील आणि वर्गणीदारांची यादी हीं यावयाचीं तीं आलींच आहेत. त्यांस जोडून पाण्याच्या हक्कासंबंधानें मीं कांहीं लिहावें, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. तिचें कारण असें कीं, विहिरी खोल करण्यासाठीं मदत मागणारे जे अर्ज समितीकडे आले, त्यांतले बहुतेक खासगी विहिरींचे होते. आणि लोकांनीं दिलेल्या पैशानें एकाच्या विहिरीस पाणी लागलें, तर तें पाणी कोणाचें, हा प्रश्न सभेंत निघाला. प्रश्न साधा दिसतो. पण त्यावर दोन तास वाद होऊनही निकाल लागला नाहीं. मी पडलों वकील, तेव्हां कायदा मला विचारण्यांत आला. कायदा मीं सांगितला, आणि सांगतांना माझी मलाच लाज वाटली. ती कां, हें पुढें येईल.

प्रथम थोडे आंकडे. पृथ्वीवर जें पाणी आहे त्यांत गोडें पाणी शेंकडा अडीचच्या सुमारास. आणि त्यांतलेंही दोनतृतीयांशांहून अधिक ध्रुवप्रदेशांत व पर्वतशिखरांवर बर्फ होऊन बसलेलें. उरलेलें बहुतेक जमिनीच्या पोटांत. नद्या, तळीं, सरोवरें हीं डोळ्यांस दिसतात म्हणून मोठीं वाटतात. हिशेबांत तीं किरकोळच आहेत. मनुष्यजाति नद्यांतून व भूगर्भांतून जें गोडें पाणी काढते, त्यापैकीं सुमारें ७० टक्के शेतीकडे जातें. माणसास पिण्यास दिवसाला तीन-चार लिटर पुरतें. परंतु एक किलो तांदूळ पिकवावयास दोन-अडीच हजार लिटर लागतें. हा हिशेब ध्यानांत ठेवला म्हणजे एक गोष्ट सहज समजते. ज्या गांवाचे हंडे कोरडे पडले, तेथें पिण्यापुरतेंही पाणी मुळांत नव्हतें, असें क्वचितच घडतें. बहुधा तें हंड्यापर्यंत येण्यापूर्वींच दुसरीकडे गेलेलें असतें. जमिनींतलें पाणी उपसण्यांत तर आपला देश जगांत पहिला आहे. जगांतल्या एकंदर उपशाचा सुमारें चौथा हिस्सा एकट्या भारताचा.

आतां कायद्याकडे वळूं. इंग्लंडांत १८४३ सालीं एक खटला झाला. लँकेशायरमधल्या एका सूतगिरणीची विहीर दुसऱ्यानें कोळशाची खाण खणल्यामुळें आटली, म्हणून गिरणीवाला न्यायालयांत गेला. न्यायालयानें असें ठरविलें कीं, वाहती नदी डोळ्यांस दिसते, तिच्यावर कांठच्या सर्वांचा हक्क. परंतु भूमीखालचें पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें कोणास ठाऊक नाहीं. सबब तें ज्याच्या जमिनीखालीं सांपडेल त्यानें वाटेल तितकें घ्यावें; शेजाऱ्याची विहीर आटली तर त्याचें नुकसान झालें खरें, पण त्याच्या हक्कास बाध आला असें नव्हे. भूगर्भशास्त्र बाल्यावस्थेंत होतें, त्या काळच्या अज्ञानावर उभारलेला हा सिद्धांत. तोच पुढें आपल्याकडे १८८२ च्या इझमेंटच्या कायद्यांत, ७ व्या कलमाखालच्या एका उदाहरणाच्या रूपानें येऊन बसला, आणि १८९१ सालीं तो कायदा मुंबई इलाख्यास लागू झाला. खुद्द इंग्लंडनें १९६३ सालीं उपशास परवान्याची अट घालून या सिद्धांताचे पंख छाटले. आपल्याकडे मात्र ज्याची जमीन त्याचें पाणी ही समजूत अजूनही प्रत्येक बांधावर ठाण मांडून आहे.

सुमारें वीस वर्षांपूर्वीं याच कलमाच्या आधारें मीं एक दावा जिंकला. माझ्या पक्षकारानें तीनशें फूट बोअर घेतली होती, आणि तीनचार महिन्यांत बांधापलीकडच्या एका वृद्ध शेतकऱ्याची पिढीजात विहीर कोरडी पडली. विहीर आजोबांनीं बांधलेली. थारोळें, मोटेची धांव, सर्व जागच्या जागीं, फक्त पाणी नाहीं. दावा त्यानें लावला होता. मीं ७ वें कलम वाचून दाखविलें, दोन निवाडे पुढें ठेवले, आणि दावा खर्चासह फेटाळला गेला. बाहेर आल्यावर तो गृहस्थ माझ्याजवळ आला. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. तो म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचं खरं असंल. पण पाणी काय त्याच्या वावराखालीं जन्मलं होतं का?" मीं म्हटलें, "बाबा, कायदा तसा आहे." याहून दुसरें उत्तर मजजवळ नव्हतें. सभेंत कायदा सांगतांना मला ही गोष्ट आठवली.

हें खरें कीं मध्यंतरीं कायदा जागचा अगदींच हलला नाहीं असें नाहीं. १९९३ च्या अधिनियमानें महाराष्ट्रांत पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर खणण्यास मनाई झाली; २००९ चा भूजल अधिनियम २०१४ सालीं अंमलांत आला, त्यांत ६० मीटरांहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत. परंतु बोअर घेणारीं यंत्रें उन्हाळ्यांत खेडोपाडीं रात्रंदिवस चालत असतात, हें या अहवालाच्या वाचकांस सांगणें नलगे. तेव्हां जगांत इतर लोकांनीं टंचाईच्या वेळीं पाणी कसें वांटून घेतलें, हें पाहणें निरर्थक होणार नाहीं.

अमेरिकेच्या पश्चिम भागापासून आरंभ करितों, कारण तेथील रीति आपल्या बोअरवाल्यांच्या मनास पटण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियांत १८४८ सालीं सोनें सांपडलें आणि हजारों लोक तिकडे धांवले. वाळूंतून सोनें धुवून काढावयास पाणी लागे, आणि तें दूरच्या ओढ्यांतून पाट काढून आणावें लागे. जमीन सरकारची, मालक कोणीच नाहीं. अशा ठिकाणीं जो आधीं आला त्याचा हक्क पहिला, असा नियम खाणवाल्यांनीं आपसांत ठरविला. तोच १८५५ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें उचलून धरला, आणि १८८२ सालीं कोलोरॅडोच्या न्यायालयानें तर नदीकांठच्या जमीनमालकांचा जुना इंग्लिश हक्क आपल्या राज्यांत मुळींच चालणार नाहीं, असें ठरविलें. या नियमाची खरी परीक्षा दुष्काळांत होते. पाणी कमी पडलें म्हणजे सर्वांचें थोडथोडें कमी होत नाहीं. ज्याचा हक्क जुना त्यास त्याचें माप पुरें मिळतें, आणि मागून आलेल्याच्या पाटांत थेंबही येत नाहीं. शिवाय वापरलें नाहीं तर हक्क बुडतो, म्हणून गरज नसतांही पाणी शेतांत सोडून देण्याची प्रवृत्ति होते. काटकसर करणारास शिक्षा, अशी ही व्यवस्था.

याच मनोवृत्तीनें १९२२ सालीं कोलोरॅडो नदीचा करार झाला. सात राज्यांचे प्रतिनिधि सांता फे येथें जमले, आणि त्यांनीं नदीचे वरचें व खालचें असे दोन भाग करून प्रत्येकास दरसाल ७५ लाख एकर-फूट पाणी लिहून दिलें. आपल्या कोयना धरणांत जें पाणी मावतें त्याच्या सुमारें तिप्पट एकेका वांट्यास. मौज अशी कीं, ज्या वर्षांच्या मोजणीवरून हा आंकडा बसविला तीं वर्षें नेहमींहून अधिक पावसाचीं होतीं. म्हणजे करारांत जितकें पाणी वांटलें तितकें नदींत नव्हतेंच. पुढें १९४४ च्या तहानें मेक्सिकोस आणखी १५ लाख एकर-फूट देण्याचें ठरलें. आणि जे मूळचे रहिवासी, ज्यांच्या राखीव प्रदेशांचा पाण्यावरील हक्क अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयानें १९०८ सालीं मान्य केला होता, त्यांस या वांटणीच्या बैठकीस कोणी बोलाविलें नाहीं. परिणाम व्हावयाचा तो झाला. गेल्या साठ वर्षांत ही नदी बहुतेक सालीं समुद्रापर्यंत पोंचतच नाहीं, आणि ऑगस्ट १९२१ नव्हे, २०२१ सालच्या ऑगस्टांत, म्हणजे करारास शंभर वर्षें भरण्याच्या उंबरठ्यावर, खालच्या भागांत इतिहासांतली पहिली सरकारी टंचाई जाहीर करावी लागली. कागदावर ठाम आंकडा लिहिला म्हणून ढग कांहीं तितका पाऊस पाडीत नाहीं. परंतु आम्हां कायदेपंडितांस हें उमगावयास शतक लागतें.

याच्या अगदीं उलट रीति स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहरीं आहे, आणि तिच्याविषयीं मी जरा विस्तारानें लिहिणार आहें.

व्हॅलेन्सियाच्या भोंवतालची सपाट बागाइती जमीन तुरिया नदीच्या पाण्यावर पिकते. नदीवर बंधारे घालून मोठे पाट काढलेले आहेत. ही पाटांची व्यवस्था मुसलमानी अमदानींत वाढली. १२३८ सालीं आरागॉनच्या जेम्स राजानें शहर जिंकलें, तेव्हां त्यानें राज्य बदललें, पण पाण्याची वहिवाट जशी होती तशी चालू ठेवण्याचा हुकूम केला. जेत्यांच्या अंगीं एवढें शहाणपण क्वचित् आढळतें. प्रत्येक पाटाखालचे शेतकरी आपल्यांतूनच एक पंच निवडतात; तो स्वतः शेती करणारा असला पाहिजे. असे आठ पंच दर गुरुवारीं दुपारीं बारा वाजतां शहरांतल्या मुख्य चर्चच्या दरवाजापुढें, शेतकऱ्याचा काळा अंगरखा घालून, अर्धवर्तुळांत मांडलेल्या खुर्च्यांवर बसतात. चोपदार एकेका पाटाचें नांव पुकारतो आणि त्या पाटावर कोणाविरुद्ध तक्रार आहे काय, असें विचारतो. तक्रार असली तर फिर्यादी सांगतो, आरोपी उत्तर देतो, जरूर पडल्यास साक्षीदार बोलतो, पंच प्रश्न विचारतात, आणि निकाल तेथल्या तेथें तोंडी दिला जातो. वकील नाहीं. अर्ज, कैफियत, मुदतवाढ, यांतलें कांहीं नाहीं. ज्याच्या पाटावरचा तंटा असेल तो पंच निवाड्यांत भाग घेत नाहीं. वरती अपील नाहीं. माझ्या धंद्यांतल्या माणसास हें वर्णन वाचून क्षणभर चिंता वाटते. पण शतकानुशतकें हें न्यायालय चाललें आहे, स्पेनच्या १९७८ च्या राज्यघटनेंत रूढीनें चालत आलेल्या अशा न्यायालयांस मान्यता आहे, आणि २००९ सालीं युनेस्कोनें मानवी वारशाच्या यादींत याची नोंद केली.

गुन्हे कोणते? पाळी नसतां पाणी घेणें, दार ठरल्याहून अधिक उघडणें, आपलें भरून झाल्यावर पाणी शेजाऱ्याच्या पिकांत लोटून देणें, आपल्या वाट्याचा पाट साफ न करणें. सर्व आपल्या पाटकऱ्यांच्या ओळखीचे! पण या रीतींतलें मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली ही कीं, पाणी जमिनीस चिकटलेलें आहे. जमीन सोडून नुसतें पाणी विकतां येत नाहीं, त्यामुळें धनवान माणसानें गरिबाची पाळी विकत घेऊन सर्व प्रवाह आपल्याकडे वळविला, असें होत नाहीं. दुसरी ही कीं, हक्क मापाचा नाहीं, हिश्शाचा आहे. नदींत जें असेल त्याचा ठरलेला भाग प्रत्येक पाटास मिळावयाचा. नदी निम्मी झाली तर सर्वांचेंच निम्में होतें. आणि टंचाई फारच वाढली तर पंच पाळीचा क्रमही बदलतात, आणि जें पीक पाण्यावांचून मरणार त्यास आधीं पाणी देतात. कोलोरॅडोच्या करारांत आंकडा निश्चित आणि नदी अनिश्चित. येथें नदी कशीही असो, नातें निश्चित. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीनें १९९० सालीं लिहिलेल्या आपल्या ग्रंथांत या बागाइतीचा अभ्यास मांडला आणि सर्वांच्या मालकीची वस्तु नाश पावतेच असें नाहीं, वापरणारांनीं स्वतः केलेले व स्वतः राखलेले नियम असले म्हणजे ती टिकते, असें दाखवून दिलें. तिला २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें मिळविणारी ती पहिली स्त्री.

तेथेंही सर्व आलबेल आहे असें मात्र समजूं नये. शहर वाढून त्यानें बरीच बागाईत गिळली, आणि १९५७ च्या महापुरानंतर नदीचें पात्रच शहराबाहेरून वळविण्यांत आलें. आतां पुष्कळ गुरुवारीं एकही फिर्याद नसते. पंच बसतात, नांवें पुकारलीं जातात, आणि मंडळी उठते. फिर्याद नसण्याचें कारण शेत उरलें नाहीं हें किती, आणि दर गुरुवारीं सर्वांसमक्ष उभें राहावें लागेल ही भीड किती, याचा निवाडा दुरून करणें कठिण आहे.

इराणांत पाऊस आपल्या माणदेशाहूनही कमी असा पुष्कळ मुलूख आहे. तेथें डोंगराच्या पायथ्याशीं खोल विहीर खणून तिच्या तळापासून गांवापर्यंत मंद उताराचें भुयार नेतात. पाणी आपोआप वाहत येतें, उपसावें लागत नाहीं. यास कनात म्हणतात. गोनाबाद येथील कनात अडीच हजार वर्षांहून जुनी असून तिची लांबी ३३ किलोमीटर आहे. पाळी मोजण्याचें साधन म्हणजे बुडास बारीक भोंक असलेलें तांब्याचें भांडें. तें पाण्यावर ठेवलें म्हणजे हळूहळू भरून बुडतें, आणि एकदां बुडालें कीं एक माप झालें. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्त पाहण्यासाठीं जें घटिकापात्र ठेवीत, तेंच हें. एका कनातीजवळ दुसऱ्यानें विहीर खणूं नये, म्हणून तेथील जुन्या कायद्यांत भोंवतीं राखीव अंतर ठरलेलें असे. लँकेशायरचा न्यायाधीश ज्याला अज्ञेय म्हणाला, तें पाणी इराणी शेतकऱ्यास शतकांपूर्वीं समजलेलें होतें. मलिक अंबरानें सतराव्या शतकाच्या आरंभीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, जी नहर बांधली ती याच तत्त्वावर. विजेचे खोल पंप आले, आणि इराणांतल्या कितीएक कनाती त्यांच्या उपशानें कोरड्या पडल्या. त्या वृद्ध शेतकऱ्याच्या विहिरीचीच ही गोष्ट, फक्त मोठ्या अक्षरांत.

आणि परदेशांत तरी कशास जावें? धुळें व नाशिक या जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर तीनशें-चारशें वर्षें फड पद्धति चालत आली आहे. नदीवर बंधारा, त्यांतून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडांत त्या साली एकच पीक, म्हणजे एकास ऊंस व शेजाऱ्यास बाजरी असा भेद नाहीं. कोणत्या फडास कोणतें पीक घ्यावयाचें हें आळीपाळीनें फिरतें. आणि बंधाऱ्यांत पाणी कमी असेल त्या वर्षीं कमी फड भिजवितात. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो, हवालदार देखरेख ठेवतो. ज्याचें शेत त्यानें दार उघडावयाचें नाहीं, हा नियम विशेष ध्यानांत घेण्यासारखा आहे.

जेथें पंच नाहींत, पाळी नाहीं, केवळ दूरच्या राजधानींतला हुकूम आहे, तेथें काय होतें याचें उदाहरण म्हणजे अरल समुद्र. १९६० सालीं तो सुमारें ६८,००० चौरस किलोमीटर होता. सोव्हिएट सरकारनें कापसासाठीं त्यास मिळणाऱ्या दोन्ही नद्या कालव्यांत वळविल्या. २०१४ सालीं त्याचा पूर्वेकडील मोठा भाग साफ कोरडा पडला. मुयनाक हें मासेमारीचें बंदर होतें. तेथें आतां वाळूंत गंजलेल्या नौका उभ्या आहेत, आणि समुद्राच्या तळाची खारट धूळ वाऱ्यानें शेतांवर येऊन पडते. उत्तरेकडील लहान भाग कझाकस्ताननें २००५ सालीं बांध घालून वांचविला, एवढाच दिलासा.

येथवर शेतीचें झालें. पिण्याच्या पाण्याचा हक्क आंकड्यांत सांगतां येतो काय, हा प्रश्न दक्षिण आफ्रिकेनें न्यायालयांत नेला. तेथील १९९६ च्या राज्यघटनेंत पुरेसें पाणी मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे, आणि १९९८ च्या कायद्यानें माणसांच्या मूलभूत गरजेचें व नदीच्या स्वतःच्या जीविताचें पाणी आधीं बाजूस काढून मग उरलेलें इतरांस द्यावें, असें ठरविलें. दर कुटुंबास दरमहा ६,००० लिटर फुकट. जोहान्सबर्गच्या सोवेटो भागांतल्या फिरी वस्तींत नगरपालिकेनें पैसे आधीं भरावयाचे मीटर बसविले. फुकटचें पाणी संपलें कीं नळ बंद. पांच रहिवासी न्यायालयांत गेले. पहिल्या न्यायालयानें माणशीं दररोज ५० लिटर ठरविले, वरच्यानें ४२, आणि २००९ सालीं घटनापीठानें दोन्ही निकाल फिरवून, आंकडा ठरविणें हें न्यायालयाचें काम नव्हे, असें सांगितलें. निकाल कायद्याच्या दृष्टीनें सुसंगत आहे. परंतु ज्या घरीं महिन्याच्या मध्यावरच नळ बंद होतो, त्या घरच्या बाईस ही सुसंगति कशी समजावून सांगावी? पुढें २०१८ सालीं केप टाउन शहराचीं धरणें आटलीं, तेव्हां श्रीमंतांसही माणशीं ५० लिटरांचें बंधन आलें, आणि नळ बंद झाल्यास २५ लिटर रांगेंत उभें राहून न्यावे लागतील, अशी सूचना निघाली. लोकांनीं वापर इतका घटविला कीं तो दिवस टळला. म्हणजे काटकसर अशक्य नव्हती. फक्त ती पूर्वीं झोपडवस्तीकडूनच मागितली जात होती. शेजारच्या नामिबियाची राजधानी विंडहुक तर १९६८ पासून शहराचें सांडपाणी शुद्ध करून पुन्हा पिण्यासाठीं वापरीत आहे. ऐकून नाक मुरडणारानें आपल्या नदींत वरच्या गांवाचें काय काय मिसळतें, तें एकदां पाहून यावें.

आपल्याकडे पाण्याचा प्रश्न केवळ किती हा नव्हता. कोणी स्पर्श करावा हाही होता. मुंबई कायदे कौन्सिलनें १९२३ सालीं सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेनेंही तसें ठरविलें. पण २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी ओंजळींत घेईपर्यंत तो ठराव कागदावरच होता. त्यानंतर तळें खासगी असल्याचा दावा लावला गेला आणि तो दहा वर्षें चालून मार्च १९३७ मध्यें मुंबई हायकोर्टांत आंबेडकरांच्या बाजूनें संपला. ज्यांस सबंध गांवाच्या पाणवठ्यापासून दूर ठेवलें, त्यांस घटनेच्या १५ व्या कलमानें विहिरी, तळीं, घाट खुले केले. तरीही टँकर गांवांत कोठें उभा राहतो आणि त्याची नळी प्रथम कोणाच्या पिंपांत जाते, हें समितीच्या स्वयंसेवकांनीं दरवेळीं पाहिलें पाहिजे, असें मी आग्रहानें सांगतों.

२०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या खेपेंत पांच लाख लिटर होतें. त्याआधीं महिनाभर तेथें पाणवठ्यांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम होता. तो जिल्हा ऊंसाचाही आहे. अर्थात् ऊंस लावणारा शेतकरी कांहीं दुष्ट नव्हे; ज्या पिकास खात्रीचें गिऱ्हाईक तें तो लावतो. मात्र राज्याच्या एकंदर लागवडीचा अगदीं लहान हिस्सा व्यापणारें हें पीक सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वांटा पितें, ही गोष्ट वांटणीचा विचार करतांना झांकून ठेवतां येणार नाहीं.

आतां समितीपुढील प्रश्न. या बाबतींत मला वाट दाखविली ती पुरंदर तालुक्यांतल्या नायगांवच्या पाणी पंचायतीनें. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या अभियंत्यानें ती उभी केली. तेथें पाण्याचा वांटा जमिनीवर नसून माणसांवर: माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि कुटुंबास फार तर अडीच एकरांचें. भूमिहीनासही हक्क. जमीन विकली तरी पाणी विकलें जात नाहीं. ऊंस लावावयाचा नाहीं. आणि खर्चाचा कांहीं भाग घेणारांनीं स्वतः भरावयाचा. ७ वें कलम जागच्या जागीं असतांना, केवळ आपसांतल्या करारानें हें सर्व करतां आलें, हें वकील या नात्यानें मला महत्त्वाचें वाटतें. कायदा मालकास पाणी देण्याची सक्ति करीत नसेल. पण मालकानें स्वखुषीनें लिहून देण्यास तो आडही येत नाहीं.

सबब, खासगी विहीर खोल करण्यास समितीनें पैसे द्यावयाचे तर पुढील अटी लेखी घ्याव्या, असा मसुदा मीं चिटणीसांकडे दिला आहे. विहिरीचें पाणी फाल्गुनापासून मृगापर्यंत प्रथम पिण्यास व जनावरांस, जातीपातीचा भेद न करितां सर्व वस्तीस द्यावें. त्या मुदतींत त्या पाण्यावर ऊंस, केळ यांसारखें पीक घेऊं नये. पाणी कमी पडल्यास घरटीं हिस्सा सारख्या प्रमाणांत कमी करावा. आधीं आलेला, मागून आलेला असा भेद करूं नये. पाणी सोडण्याचें काम मालकाकडे न ठेवतां वस्तीनें नेमलेल्या इसमाकडे असावें, आणि तो इसम निवडतांना स्त्रियांचें मत घ्यावें, कारण खेपा त्यांसच कराव्या लागतात. तंटा झाल्यास आठवड्याच्या बाजाराच्या दिवशीं, विहिरीवरच, सर्वांसमक्ष पांच पंचांनीं तो तोडावा. त्यांत वकील नसावा. हें शेवटचें कलम माझ्या सूचनेनेंच घातलें आहे.

अटी मान्य करणाऱ्या अर्जदारांसच रक्कम देतां यावी, म्हणून विहिरींसाठीं आलेली वर्गणी निराळ्या खातीं जमा ठेवलेली आहे. मसुद्याची प्रत समितीच्या कचेरींत पाहावयास मिळेल. ज्या वर्गणीदारांस यांतलें एखादें कलम जाचक अथवा अपुरें वाटत असेल, त्यांनीं पुढील सर्वसाधारण सभेपूर्वीं आठ दिवस आपली हरकत लेखी कळवावी; आणि ज्यांच्या स्वतःच्या विहिरीस यंदा पाणी आहे, त्यांनीं रोख वर्गणीऐवजीं आपल्या विहिरीवर वरील अटी लिहून दिल्या, तर ती देणगी समिति जमेच्या बाजूस आनंदानें मांडील.